घर समजून घ्यायचंय, पण पदवी कोणती घेऊ?

पत्र

ताई, नमस्कार. मी जिंतूर तालुक्यातली. यंदा बारावी सायन्स झाले, ७१ टक्के पडले. नीट दिली होती, पण मार्क कमी आले. परभणीच्या कृषी विद्यापीठात सामुदायिक विज्ञानाची चार वर्षांची पदवी असते आणि तिथे मानव विकास आणि कौटुंबिक अभ्यास असा विभाग आहे, असं आमच्या मॅडमनी सांगितलं. मला तेच करायचंय. बाबा मोंढ्यात आडत दुकानावर मुनीम आहेत. ते म्हणतात, रांधा-वाढा शिकायला चार वर्षं कशाला घालवायची? डी.एड. कर, नाहीतर नर्सिंगला जा.

दोन वर्षांपूर्वी आमच्या घरी चूल वेगळी झाली. आजी सहा महिने आमच्यात आणि सहा महिने काकांकडे जेवते. मोठी ताई दिवाळीपासून माहेरीच आहे, कोर्टात केस चालू आहे. एका तारखेला मी तिच्यासोबत गेले होते. तिथल्या समुपदेशक मॅडम तिच्याशी बोलल्या. घरात कुणाशी धड न बोलणारी ताई त्यांच्यापाशी मोकळी झाली. तेव्हापासून वाटतं, आपणही हेच काम करावं. हा विषय घेऊ का? नोकरी लागेल का? आणि शिकून मी आमच्या घरातलं काही नीट करू शकेन का?

— एक मुलगी, जिंतूर

उत्तर

प्रिय मुली,

पहिल्या प्रश्नाचं उत्तर लगेच देते: घे हा विषय. दुसऱ्याचं उत्तर लांब आहे आणि त्यात अटी आहेत. तिसऱ्याचं उत्तर ‘नाही’ असं आहे, आणि मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते त्याच्याबद्दल. मी हा विषय शिकवलाय. वर्गात येणाऱ्या बऱ्याच मुली तुझ्यासारखाच तिसरा प्रश्न मनात धरून येतात, फक्त तो कुणी असा लिहून विचारत नाही. तू विचारलास, बरं केलंस.

आधी बाबांचं बघू. त्यांच्यावर रागावू नकोस. ‘होमसायन्स’ म्हटलं की अर्ध्या महाराष्ट्राला अजून लोणची, भरतकाम आणि लग्नाच्या बायोडेटातली एक ओळ एवढंच आठवतं. देशातल्या कृषी विद्यापीठांनी त्या शाखेचं नाव बदलून सामुदायिक विज्ञान केलं, तरी गावात जुनंच नाव चालतं. त्यामुळे तू काय शिकणार आहेस हे बाबांना तुलाच सांगावं लागेल, आणि त्यासाठी ते आधी तुला नीट माहीत हवं.

पहिल्याच वर्षाचं एक प्रात्यक्षिक सांगते. अशा महाविद्यालयांना बहुधा स्वतःची बालवाडी जोडलेली असते. तुला वही घेऊन तिच्या कोपऱ्यात बसवतील आणि एकाच मुलाकडे बघून जे दिसतं ते लिहायला सांगतील. तू लिहिशील, ‘मुलगा रागावला.’ मॅडम त्यावर लाल रेघ मारतील आणि विचारतील, राग दिसला कुठे? मग तू पुन्हा बघशील आणि लिहिशील, ‘शेजारच्या मुलीने निळा ठोकळा उचलला. त्याने तिच्याकडे पाहिलं, मूठ आवळली, पाटीवर दोनदा आपटली, मग दाराकडे जाऊन पाठ करून उभा राहिला.’ आता कळेल की त्याला राग आला असेल, किंवा रडू येत असेल आणि ते लपवायचं असेल. काय दिसलं आणि आपण त्याचा काय अर्थ लावला, या दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला शिकणं हा या विषयाचा पाया आहे. ऐकायला सोपं वाटतं, पण हाताला वळण लागायला सहा-सहा महिने जातात. एकदा ते लागलं की कुठल्याही घरातलं भांडण तू वेगळ्या कानाने ऐकशील. ‘सून उद्धट आहे’ असं कुणी म्हणालं, तर ती नेमकं काय बोलली, कुणासमोर बोलली आणि त्याआधी काय झालं होतं, हे विचारशील.

पुढे वाढीचे टप्पे येतात, गर्भापासून म्हातारपणापर्यंत. तान्हं मूल एका माणसाला चिकटतं म्हणजे काय होतं, यावर जॉन बोल्बी आणि मेरी एन्सवर्थ या मानसतज्ज्ञांनी केलेलं काम येतं. मूल एकट्या घरात वाढत नाही, त्याभोवती शाळा असते, शेजार असतो, आईबापांच्या कामाची जागा असते, सरकारची धोरणं असतात, हे मानसशास्त्रज्ञ युरी ब्रॉनफेनब्रेनर यांचं म्हणणं येतं. मोंढ्यात सोयाबीनचा भाव पडला की त्या रात्री तुमच्या घरात आवाज का चढतो, हे त्यांच्या मांडणीत अगदी चपखल बसतं. दत्तकविधान, विशेष गरजा असलेली मुलं, वृद्धांची काळजी आणि पालकांसाठी कार्यक्रम कसे आखायचे, हेही असतं. आणि हो, पोषण, वस्त्रं, घरातल्या साधनांचं नियोजन, विस्तार शिक्षण (म्हणजे शिकलेलं गावातल्या लोकांपर्यंत पोचवणं) हे सगळं चारही वर्षं सोबत असतं. इथे एक गोष्ट नीट समजून घे, कारण पत्रात तुझी तिथे थोडी गल्लत झालीये: ही पदवी सगळ्या शाखांची मिळून असते. केवळ मानव विकास आणि कुटुंब हा विषय खऱ्या अर्थाने एम.एस्सी.ला निवडायचा असतो. म्हणजे आवडता विषय पोटभर मिळायला तुला चार वर्षांनंतर आणखी दोन वर्षं लागतील. पहिल्या वर्षी कापडाचे तंतू ओळखायला लावले म्हणून नाराज होऊ नकोस.

बाबांना ‘रांधा-वाढा’वर एक आकडा सांग. २०१९ साली देशभर वेळेच्या वापराचं सरकारी सर्वेक्षण झालं. स्वतःच्या घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांचा दिवसाचा सरासरी २९९ मिनिटं वेळ त्या कामात जातो असं त्यात दिसलं. पुरुषांमध्ये जे असं काम करतात, त्यांचा ९७ मिनिटं. स्वयंपाक करायला शिकणं आणि या पाच तासांचा हिशोब मांडायला शिकणं यांत फार अंतर आहे. बाबा मुनीम आहेत. ज्या कामाची नोंद कुठल्याच खतावणीत नाही, त्याचा हिशोब मांडायचा म्हटलं तर त्यांना ते इतर कुणापेक्षा लवकर कळेल, असं मला मनापासून वाटतं.

हा विषय परका नाही, हेही त्यांना सांग. १९४५ साली बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आताच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला गेल्या आणि अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. आदिवासी मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच उचलून पाड्यावरच्या अंगणात नेली. मूल शाळेत का येत नाही, याचं उत्तर त्यांनी मुलाच्या घरात जाऊन शोधलं: घरी धाकटं भावंड सांभाळायचं असतं, गुरं राखायची असतात. कुटुंबाचा अभ्यास म्हणतात तो हाच. २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि आज गावागावांत अंगणवाडी आहे. तुझ्या गावातल्या अंगणवाडी ताईंना एकदा भेट. कुठल्या घरात काय चाललंय हे त्यांना जेवढं ठाऊक असतं, तेवढं तलाठ्यालाही नसतं.

आता नोकरीचं. इथे मी गोड बोलणार नाही.

कोर्टात भेटलेल्या मॅडमसारखं व्हायचं असेल, तर आत्ताच लक्षात ठेव: कौटुंबिक न्यायालयातल्या विवाह समुपदेशकाच्या जाहिरातीत साधारणपणे समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी, म्हणजे एम.एस.डब्ल्यू., आणि प्रत्यक्ष कामाचा अनुभव मागतात. एम.एस्सी. मानव विकास कितीही चांगल्या मार्कांनी झालीस, तरी पात्रतेच्या कलमात ती पदवी नसेल तर अर्ज बाजूला पडतो. मुंबईत १९८४ साली टाटा समाजविज्ञान संस्थेने पोलिसांसोबत महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला, तो पुढे राज्यभर पसरला. तिथेही समाजकार्य शिकलेली माणसं काम करतात. यात घाबरण्यासारखं काही नाही. एम.एस.डब्ल्यू.ला बहुतेक ठिकाणी कुठल्याही शाखेचे पदवीधर चालतात. सामुदायिक विज्ञानाची पदवी घेऊन तू तिकडे वळू शकतेस, आणि बालविकास शिकून आलेली समाजकार्यकर्ती घरातल्या मुलाकडे जास्त नीट बघते, हे मी पाहिलंय. फक्त हा रस्ता तिसऱ्या वर्षापर्यंत ठरवून ठेव.

मानसोपचाराकडे जायचं असेल, तर गोष्ट वेगळी. चिकित्सा मानसतज्ज्ञ म्हणून काम करायला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते आणि त्याचा पाया मानसशास्त्राच्या पदवीत असतो. तिथे जायचं असेल, तर परभणीचा विचार आजच सोड आणि मानसशास्त्राला प्रवेश घे. ते घरबसल्या पत्राने करू असंही मनात आणू नकोस. मानसशास्त्रासह आरोग्याशी जोडलेले अनेक विषय दूरस्थ पद्धतीने शिकवायला विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५ पासून मनाई केलीये.

सामुदायिक विज्ञान आणि मानव विकास शिकलेल्यांची स्वतःची कामंही आहेत. एकात्मिक बालविकास योजनेत पर्यवेक्षिका, आणि लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून बालविकास प्रकल्प अधिकारी. विशेष गरजा असलेल्या मुलांच्या संस्था, पाळणाघरं, बालवाडी शिक्षकांचं प्रशिक्षण, वृद्धांसाठी काम करणाऱ्या संस्था. महाविद्यालयात शिकवायचं असेल तर गृहविज्ञान विषयात नेट किंवा सेट ही प्राध्यापकांची पात्रता परीक्षा. आणि एक गोष्ट फार कमी जणींना माहीत असते: बाल न्याय कायद्यात २०२१ साली दुरुस्ती झाली, तेव्हा जिल्ह्याच्या बालकल्याण समितीच्या सदस्यांसाठी ज्या पदव्या कायद्यात लिहिल्या, त्यांत मानव विकासाचं नाव आहे. हरवलेल्या, सोडून दिलेल्या, छळ झालेल्या मुलांचा निर्णय ही समिती घेते. तिथे जायला मुलांसाठी केलेल्या कामाची वर्षंही मोजतात, म्हणजे ते काम तुझ्या तिशीत येईल. पण दार आहे, आणि ते कायद्याने उघडलेलं आहे.

यातल्या बऱ्याचशा जागा कंत्राटी असतात. जिल्हा बाल संरक्षण कक्ष असो की अत्याचारग्रस्त महिलांना मदत करणारं सखी केंद्र, मानधन बेताचं आणि दरवर्षी मुदतवाढीची धाकधूक. नर्सिंग केलेल्या मैत्रिणीला तुझ्याआधी आणि तुझ्यापेक्षा जास्त पगार मिळेल. बाबांचं म्हणणं या एका मुद्द्यावर बरोबर आहे आणि ते तू त्यांच्यासमोर मान्य कर. मान्य केलंस तर पुढचं ते ऐकतील.

पैशांचं म्हणशील, तर जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार, ८ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतल्या मुलींना केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला, तर शिक्षण आणि परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत आहे. तुझा प्रवर्ग आणि तुझा अभ्यासक्रम त्यात बसतो का, हे महाविद्यालयाच्या कार्यालयात विचार आणि उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून आत्ताच काढून ठेव. जून-जुलैत सेतू केंद्रावर काय गर्दी होते, ते तुला सांगायला नको.

आता तिसरा प्रश्न.

तुमची चूल वेगळी झाली, हे तू असं लिहिलंस की जणू घर फुटलं. सौराष्ट्रातल्या महुवा गावात समाजशास्त्रज्ञ आय. पी. देसाई यांनी कुटुंबांचा अभ्यास केला. एका छपराखाली राहणं आणि एका चुलीवर जेवणं एवढ्यावरच त्यांनी एकत्रपणा मोजला नाही. जमीनजुमला, पैसा, लग्नकार्य, आजारपण, मर्तिक यांत कोण कुणाच्या पाठीशी उभं राहतं, तेही पाहिलं. वेगळी राहणारी कितीतरी घरं या हिशोबाने एकत्र निघाली. आता तुमच्या घराकडे या नजरेने बघ. ताईच्या केसला वकिलाचे पैसे कुणी दिले? तारखेला गाडी कुणाची असते? आजीचा दवाखाना कोण बघतं, की तो ज्याच्या सहा महिन्यांत आला त्याच्या गळ्यात? पेरणीला बैल आणि ट्रॅक्टर अजून सामायिक आहेत का? माझा अंदाज आहे की काही धागे अजून शाबूत असतील आणि काही तुला वाटतं त्याच्याही आधी, चूल एक असतानाच तुटले असतील. एवढं दिसणं ही या शिक्षणाची मोठी कमाई आहे.

पण दिसणं वेगळं आणि दुरुस्त करणं वेगळं. दुसऱ्या वर्षाला तू वर्गात कुटुंबाचा नकाशा काढशील. पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ, घट्ट नात्याला दुहेरी रेघ, वैराला नागमोडी. तू स्वतःच्या घराचा काढशील, सगळ्याच काढतात. आई आणि काकूंमधली नागमोडी रेघ कागदावर उतरली की तुला वाटेल, सापडलं! शनिवारी घरी जाशील आणि आईला सांगशील की तू काकूंचा राग आजीवर काढतेस. आईने तुला मागितलेलं नसताना तू तिच्यावर निदान मारलेलं असेल, आणि तेही अर्धं शिकलेलं. ती गप्प होईल किंवा म्हणेल, चार बुकं शिकली आणि आईला शिकवायला लागली. तिचं बरोबर असेल. कोर्टातल्या मॅडमपाशी तुझी ताई मोकळी का झाली, याचा विचार कर. त्या तुमच्या कुणीच नव्हत्या. त्यांना संध्याकाळी काकांच्या घरी जायचं नव्हतं, समाजात तोंड दाखवायचं नव्हतं, ताई सासरी गेली काय आणि न गेली काय, त्यांच्या घरातलं काही हलणार नव्हतं. शिवाय तिथे बोललेलं बाहेर जायचं नाही, हा त्या कामाचा नियम असतो. तू हे काम परक्यांसाठी उत्तम करशील. ताईसाठी तू बहीणच राहा. या क्षेत्रातली अनुभवी माणसंही आपल्या घरच्या भांडणात समुपदेशक होत नाहीत आणि आपली माणसं सहकाऱ्यांकडे पाठवतात, ते याचसाठी.

ताईबद्दल दोन गोष्टी. तिची केस तुझ्या कुठल्याही प्रकल्पात, नाव बदलूनसुद्धा, तिला विचारल्याशिवाय घालायची नाही. वर्गात जिंतूरच्या दोन मुली असल्या की नाव बदलून काही उपयोग नसतो. आणि ती का परत आली, हे तू लिहिलं नाहीस. त्यामागे मारहाण किंवा छळ असेल, तर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्यांकडे जाता येतं. १८१ ही महिला हेल्पलाइन आहे, तो नंबर तिच्या मोबाईलमध्ये साठवून दे. कोर्टात समेटाचा प्रयत्न होतो तो कायद्यातच आहे, पण समेट म्हणजे कसंही करून नांदायला पाठवणं असं नाही. घरातली मोठी माणसं तसं म्हणाली, तर तू ताईच्या बाजूला बस. तुला काही बोलावं लागणार नाही.

आजीसाठी मात्र तू आजच काहीतरी करू शकतेस, आणि त्याला पदवी लागत नाही. तिला विचार की सहा-सहा महिन्यांची वाटणी ठरली तेव्हा तुला कुणी विचारलं होतं का. उत्तर ऐकून घे. ते लगेच आईला किंवा काकूला सांगायला जाऊ नकोस. कुणाचं नीट ऐकून घेणं आणि ते पोटात ठेवणं तुला जमतं का, हे तुझं तुला कळेल. हा विषय आपल्याला झेपेल का, याची परीक्षा बारावीच्या मार्कांपेक्षा मला यात जास्त खरी वाटते.

आता करायचं काय? प्रवेशाची माहितीपुस्तिका येईल तेव्हा ती स्वतः वाच, कॅफेवाल्यावर सोपवू नकोस. पसंतीक्रम भरण्याआधी बाबांना एक दिवस सुट्टी काढायला लावून परभणीला घेऊन जा. विभागातल्या प्राध्यापकांना भेटा, मागच्या दोन-तीन तुकड्यांतल्या मुली आज कुठे आहेत ते बाबांच्या देखत विचारा. उत्तर गुळमुळीत मिळालं, तर तेही एक उत्तर समजा. परभणी हुकलंच, तर नागपूर आणि अमरावतीकडे गृहविज्ञान आहे, मुंबईत एसएनडीटीचं जुहूचं महाविद्यालय आणि निर्मला निकेतन आहे. पुढे एम.एस्सी.ला बडोद्याचं सयाजीराव विद्यापीठ डोक्यात ठेव, तिथल्या विद्याशाखेच्या नावातच कुटुंब आहे. घरात लग्नाचा विषय निघाला, तर पदवीपर्यंत नाही हे आत्ताच एकदा स्पष्ट सांगून टाक. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या मुलींपैकी २१.९ टक्के मुलींची लग्नं अठराच्या आत झालेली होती. तू त्यांतली नाहीस, हे तुझ्या बाबांचं श्रेय आहे. त्यांना तसं सांग. बापांना असलं कुणी सांगत नाही.

आणि जिंतूरहून परभणीला एस.टी.ने रोज येणं-जाणं जमतं, हे मला माहीत आहे. तरी पहिलं वर्ष वसतिगृहात राहा. रोज संध्याकाळी घरी गेलीस की आई एका बाजूने आणि काकू दुसऱ्या बाजूने तुझ्यापाशी मन मोकळं करणार, आणि तू न शिकताच समुपदेशक होऊन बसणार. खोल्या कमी असतात, म्हणून वसतिगृहाचा अर्ज प्रवेशाच्या दिवशीच भर.

तुझी,
ताई